बहिरूची हिरवी रिबीन

माणसाने किती ऐकावं आणि किती ऐकू नये, याला काही सुमार असतो. बहिरू बेंडकोळीला तो नव्हता. सांगितलेलं काम तो असं करायचा, की लेथवर जॉब लावून देऊन मी खुशाल जेवायला जावं. आणि एक गोष्ट मी चार वर्षं घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होतो, ती मात्र त्याने शेवटपर्यंत केली नाही. आजही कोणी बहिरूचं नाव काढलं की आधी माझी चिडचिड होते, आणि मग जे होतं ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

मी किशोर आहेर. आम्ही मूळचे चांदवडकडचे, घरी कांदा. मला मातीपेक्षा लोखंड जवळचं वाटलं, म्हणून नाशिकजवळ सातपूरला लोखंड कातायच्या दोन लेथ टाकून वर्कशॉप काढलं. दुसरं वेड मोटरसायकलचं. १९९३ साली चार मित्र गोळा करून क्लब काढला आणि धावपळ करणारा मी एकटाच असल्यामुळे सचिवही मीच झालो. आडगावच्या पुढे, हायवेपासून आत, माझ्या मावसभावाचा एक माळ पडीक होता. तिथे मुरूम टाकून, रोलर फिरवून आम्ही सव्वा किलोमीटरचा ट्रॅक केला. पंचवीस फूट रुंद, सात वळणं. नोव्हेंबर ते मार्च दर रविवारी सकाळी प्रॅक्टिस. शर्यत नाही, बक्षीस नाही. रस्त्यावर जे करू नये ते इथे येऊन करा आणि हातपाय शाबूत ठेवून घरी जा, एवढाच हेतू.

पण हातपाय शाबूत ठेवणं लोकांच्या मनात असावं लागतं. आपल्याकडे रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की पुढच्याने साइड द्यायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ट्रॅकवर नेमकं तेच चुकीचं. पुढच्याने आपली लाइन सोडायची नाही. मागचा वेगात येतोय, जागा त्याने शोधायची. आमची मंडळी मात्र मागे आवाज आला की वळून बघणार, हात हलवून ‘या, या’ करणार आणि तो ज्या बाजूने येतोय नेमकं त्याच बाजूला सरकणार. पहिल्या हंगामात तीन जणांची हाडं मोडली, ती सगळी सभ्यपणापायी.

म्हणून पुढच्या वर्षी मी तीन गट केले. आशाने, म्हणजे माझ्या बायकोने, मेन रोडवरून रिबिनीची तीन रिळं आणली. वेगात चालवणाऱ्याला लाल, मधल्याला पिवळी आणि नव्या किंवा सावकाश चालवणाऱ्याला हिरवी. डाव्या दंडाला बांधायची. प्रत्येक गटाला आळीपाळीने वीस मिनिटं. कोणी कुठली बांधायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. मोठी माणसं आहेत, स्वतःला ओळखत असतील, असं मला वाटलं होतं.

कसलं ओळखतात! एक द्राक्षांचे व्यापारी आले, सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं.

“लाल द्या.”

“शेठ, याआधी किती चालवलीय?”

“शोरूमपासून घरापर्यंत.”

एक डॉक्टर हिरवी घेईनात, का, तर ती त्यांच्या कंपाउंडरने बांधली होती. एका गृहस्थांनी पाहुणे आलेल्या जावयाला आणलं आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “भाऊ, जावयाला हिरवी बरी दिसत नाही हो.” जावयाने लाल बांधली आणि दुसऱ्या वळणाला ते सरळ माझ्या मावसभावाच्या तुरीत गेले. सातपूरच्याच एका कारखान्यातली गँग यायची, त्यांनी तर ग्रेडप्रमाणे वाटणी करून टाकली. सुपरवायझर लाल, ऑपरेटर पिवळी, हेल्पर हिरवी. त्यांचा सुपरवायझर वळणावर दोन्ही पाय जमिनीला टेकवत जायचा, पण रिबीन लाल. कपाळावर हात मारून मारून मला टेंगूळ यायचं बाकी होतं.

शेवटी एका पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटने नियम लिहिले आणि फाटकावर ठोकले. पहिलाच नियम मोठ्या अक्षरात: आपला गट आपण ओळखावा. दुसरा, मागे वळून पाहू नये. तिसरा, मागच्याने पुढच्याला सांभाळावे. चौथा, ट्रॅकवरून बाहेर पडताना डावा हात वर करावा. त्याच्या मागून कोणी बाहेर येऊ नये. अक्षर माझं चांगलं आहे. लोक पाटीचं कौतुक करायचे आणि लाल रिबीन मागायचे.

मी स्वतः अर्थातच लाल बांधायचो. सचिवाने पिवळी बांधून कसं चालेल? लालमधली पोरं वळणावळणाला मला ओलांडून जायची. मी म्हणायचो, जाऊ द्या, उतावीळ आहेत. मला गाडी जपायची होती आणि सगळ्यांवर लक्षही ठेवायचं होतं.

बहिरू वर्कशॉपमध्ये आला तो ९५ साली. इगतपुरीजवळच्या एका पाड्यावरचा. वय असेल तेवीस-चोवीस. सडपातळ, बोलणं बेताचं, हसताना तोंडावर हात. आयटीआय वगैरे काही नाही. टूलला धार कशी लावायची इथपासून मायक्रोमीटर कसा धरायचा इथपर्यंत मी त्याला हाताला धरून शिकवलं. वर्षभरात तो माझ्यापेक्षा साफ जॉब काढायला लागला. मी तसं म्हटलं की तोंडावर हात ठेवून दुसरीकडे बघायचा.

सातपूरला खोली बघून देतो म्हटलं, तर “आई एकटी हाय” म्हणून रोज गावाहून ये-जा. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, एका जुन्या शंभर सीसीच्या टू-स्ट्रोकवर. तिच्या टाकीला हा मोठा पोचा पडलेला होता. जुलैत इगतपुरीकडे जो पाऊस असतो त्यात पुढचा ट्रक दिसतो तो फक्त त्याच्या मागच्या दिव्यापुरता. त्यातून हा सकाळी आठच्या ठोक्याला हजर. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोरडा शर्ट काढायचा, घालायचा आणि मशीन सुरू. चार पावसाळ्यांत एकदा उशीर नाही, एकदा पडला नाही. शेजारच्या शेडमधली माणसं तीन किलोमीटरवरून यायची आणि रोज कारणं सांगायची.

तो आला त्याच वर्षी, ९५च्या डिसेंबरमध्ये, सामान उचलायला म्हणून मी त्याला ट्रॅकवर नेलं. गाडी होतीच, म्हटलं, तूही फिरव. रिबिनी पुढे धरल्या तर त्याने हिरवी उचलली. मला बरं वाटलं, चला, एक तरी माणूस पाटी वाचून आत आला.

आशा बाभळीखाली खुर्ची टाकून बसायची. तिच्याकडे स्टॉपवॉच आणि एक वही, प्रत्येकाच्या राऊंडची वेळ ती लिहून ठेवायची. त्या दिवशी तिने मला हाक मारली. “अहो, हा तुमचा बहिरू ट्रॅक मोकळा सापडला की वेळेत लालवाल्यांच्या पुढे आहे. पाच सेकंदांनी.”

मी म्हटलं, घड्याळ बिघडलं असेल. मग नीट बघितलं. आवाज नाही, धूळ नाही, वळणात गाडी अशी आत घालायचा की बघणाऱ्याला त्यात काही अवघड आहे असं वाटूच नये. पावसाने शिकवलेलं होतं ते सगळं. मी त्याच दिवशी त्याला सांगितलं, पुढच्या रविवारी पिवळी बांध, महिन्याभरात लाल.

“असू द्या भाऊ. हिरव्यात बरं हाय.”

झालं. तिथून चार वर्षं हेच. अख्ख्या नाशिकला लाल हवी होती, आणि जिला लाल शोभली असती ती एकच गाडी हिरवीत. मी चिडलो, समजावलं, वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर भित्रा म्हटलं. तो मशीन पुसत राहायचा.

त्यात त्याच्या एकेक तऱ्हा. कोणाला ओलांडून गेला की मान जराशी झुकवून नमस्कार! ऐंशीच्या वेगात कसला रे नमस्कार? बरं, तोही फक्त बरोबरीच्यांना. वयाने मोठं माणूस पुढे असलं तर हा मुळी ओलांडायचाच नाही. आमच्याकडे जयराम गुरुजी यायचे, रिटायर्ड मास्तर, वय एकसष्ट. डोंगरावर चढताना श्वास सांभाळावा तशी ते गाडी सांभाळायचे. एका रविवारी बहिरू वीसच्या वीस मिनिटं गुरुजींच्या मागे. मी कुंपणाशी उभा राहून हात हलवून दमलो.

बाहेर आल्यावर म्हटलं, “ही काय पंगत आहे का, मोठ्यांनी आधी बसायचं?”

“गुरुजी हायेत ना भाऊ.”

“गुरुजी शाळेत! इथे ती एक गाडी आहे, तिच्यापुढे जायचं.”

“व्हय,” म्हणाला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गुरुजींच्या मागे.

रविवारी आम्ही वर्कशॉपवरूनच निघायचो. मी पुढे, तो मागे. मी पन्नासने गेलो तर तो पन्नासने. मी चहाला थांबलो की तोही थांबायचा. रस्ता मोकळा असला तरी कधी पुढे गेला नाही. यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट बरंच वाटायचं, खरं सांगायचं तर.

९९च्या जानेवारीत पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका रेसिंग टीमचे मॅनेजर नाशिकला येणार होते. त्यांना येत्या मोसमासाठी एक रायडर हवा होता. गाडी टीमची, देशभरच्या शर्यती, आणि एरवी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये पगारी नोकरी. जागा एकच. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते फक्त लाल गटाची वीस मिनिटं बघणार आणि दुपारच्या आत पुढच्या गावाला जाणार.

मी वर्कशॉपमध्ये ते पत्र मुद्दाम मोठ्याने वाचलं. बहिरू जॉब मोजत राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“भाऊ, यंदा लाल बांधू?”

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, उलट खेकसलो, “चार वर्षं काय सांगतोय मी?”

तो हसला, तोंडावर हात न ठेवता. म्हणाला, “आईला बी सांगितलंय. जमलं तर पुन्याला खोली घेऊ म्हनलं, तिला बी नेऊ. पावसात लय हाल व्हतात तिचे तिथं.”

पुढचे तीन आठवडे मी बहिरू पाहिला तो निराळाच. शिफ्ट संपली की गाडी उघडून बसायचा. मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, त्याने स्वतः लेथवर कातून, कानशीने दात पाडून बनवलं, दोन दात जास्तीचं, वळणातून गाडी झटकन उठावी म्हणून. अशी ओढायला लागली ती गाडी, की मी एक चक्कर मारून आलो आणि किल्ली मुकाट त्याच्या हातात देऊन टाकली. कोणाकडून तरी बूट मागून आणले, मोठे होत होते म्हणून पुढे कापूस कोंबला. एरवी दिवसातून चार शब्द बोलणारा माणूस, पुण्यात पाऊस किती पडतो, हे मला दोनदा विचारून गेला.

तो रविवार आला. मॅनेजर पांढऱ्या जीपमधून आले, आशाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. लालमध्ये अकरा गाड्या होत्या. सगळ्यात पुढे मी. पाहुणे आले असताना सचिवाने पुढे नको व्हायला? माझ्या मागे बहिरू, त्याच्या मागे द्राक्षवाल्या शेठचा मुलगा अमोल आणि बाकीचे. निशाण पडलं.

त्या दिवशी मी आयुष्यात चालवली नव्हती इतकी झकास गाडी चालवली, असं मला वाटत होतं. अमोल पहिल्याच वळणाला माझ्या पुढे गेला. मग दुसरा, मग तिसरा. मी माझी लाइन सोडली नाही आणि मागे वळून पाहिलं नाही, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. बहिरूची गाडी आवाजाने ओळखू यायची. तो आवाज माझ्या मागेच होता. मला वाटलं, आता येईल. सरळ रस्ता आला, पंचवीस फुटांची मोकळी रुंदी, आता तरी येईल. आवाज तिथेच. मी मनात शिव्या घालायला लागलो, अरे, जा ना लेका, तो माणूस बघतोय! पाच राऊंड झाले, आठ झाले. वीस मिनिटं संपली आणि आम्ही दोघं एकामागोमाग एक, मी दहावा आणि तो अकरावा, बाहेर आलो.

मॅनेजरांनी अमोलचं नाव लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेले.

मी हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. सगळ्या लोकांसमोर बहिरूला काय वाटेल ते बोललो. शरम नाही वाटत का, म्हटलं. ताटात वाढलेलं उचलून खाता येत नाही तुला, म्हटलं. माझी चार वर्षं मातीत घातलीस, म्हटलं. तो बूट काढून आतला कापूस काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “गाडी ओढत नव्हती भाऊ.”

“खोटं बोलू नकोस. मी स्वतः चालवून बघितलीय.”

“आज नव्हती ओढत.”

आशा मला म्हणाली, “पुरे करा आता.” मी पुरे केलं नाही. पुढचे आठ महिने वर्कशॉपमध्ये जो येईल त्याला मी बहिरूची गोष्ट ऐकवली, तो तिथेच लेथवर उभा असताना. हा बघा, याला पुण्याची जागा चालून आली होती आणि हा बहाद्दर ढिम्म! लोक बहिरूकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि गप्प बसायचे. मला वाटायचं, त्यांनाही वाईट वाटतंय. त्यातले निम्मे क्लबातलेच होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. बहिरूने रविवारी पुन्हा हिरवी बांधायला सुरुवात केली होती.

दिवाळीत बहिरूची आई आली. नवसाबाई दरवर्षी एसटीने यायच्या, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. आशाने चहा ठेवला. मी आपलं गाऱ्हाणं मांडलं, दुसरं येतंय काय मला? म्हटलं, “मावशी, तुमच्या पोराने हातचं घालवलं बघा. तुम्ही आज पुण्याला असतात. आणि वर मला सांगतो, गाडी ओढत नव्हती.”

नवसाबाईंनी बशी खाली ठेवली. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

“आवं भाऊ, गाडी चांगलीच व्हती की. तुमीच पुढं व्हता म्हनला.”

“मी?”

“व्हय. भाऊच म्होरं व्हते म्हनला, मंग कसा जानार? ज्यानं हाताला काम दिलं त्याच्या म्होरं गाडी घालायची व्हय? तसलं आमच्यात नाय करत. मी बी म्हनलं, बरं केलंस बाबा.” आणि चहा ओतून घेत म्हणाल्या, “पुन्याचं काय, नशिबात नव्हतं.”

त्यांच्या बोलण्यात कुठे टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी तरी भांडलो असतो.

त्यांना एसटीत बसवून आलो आणि आशाला म्हटलं, वही आण. तिने आणली. चार वर्षांत मी सगळ्यांच्या वेळा बघितल्या होत्या, माझं पान कधी उघडलं नव्हतं. सचिवाची वेळ काय बघायची? त्या रविवारच्या पानावर अमोल होता एक मिनिट वीस सेकंद. मी होतो एक मिनिट सेहेचाळीस. सेहेचाळीस! जयराम गुरुजींची वेळ होती एक बेचाळीस.

“म्हणजे मी लालमध्ये नव्हतोच कधी,” मी म्हटलं.

“पिवळीतही नव्हतात,” आशा म्हणाली.

“मग मला सांगायचं नाही? चार वर्षं लिहितेयस!”

“पाटीवरचा पहिला नियम कोणी लिहिलाय?”

मी तिच्यावर ओरडलो. मग उगाच वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो. दिवाळीची सुट्टी होती, कोणी नव्हतं. बहिरूच्या लेथवर फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. मी तिथे बसून रडलो, आणि ते लिहायला मला आज लाज वाटत नाही. जावयाला हसलो होतो, सुपरवायझरला हसलो होतो. त्यांनी फार तर स्वतःचंच हाड मोडून घेतलं असतं. मी मात्र वीस मिनिटं एका माणसाची वाट अडवून धरली होती, आणि पुढचे आठ महिने त्यालाच बोल लावले होते.

पुण्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, जागा भरली आहे, पुढे कळवू. पुढच्या वर्षी ती टीमच बंद झाली.

नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारी मी फाटकावर सगळ्यांच्या देखत हिरवी बांधली. मग डॉक्टर म्हणाले, “भाऊ, मलाही हिरवीच द्या.” सुपरवायझरनेही हिरवी मागितली. त्या मोसमात हिरव्यात एवढी गर्दी झाली की लालमध्ये चारच गाड्या उरल्या आणि हिरव्याचे दोन भाग करावे लागले. या लोकांचं काही खरं नाही.

बहिरूला मी बाजूला घेतलं. पाठ करून आलो होतो. म्हटलं, “बहिरू, त्या दिवशी माझं चुकलं. माझ्यामुळे तुझी जागा गेली.”

त्याने तोंडावर हात ठेवला. “तुमचं काय चुकलं भाऊ? गाडीच ओढत नव्हती.”

काय करावं अशा माणसाला? त्याच्या हातात मी लाल रिबीन कोंबली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि हिरवी बांधून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

पहिला राऊंड झाला, आवाज मागेच. दुसऱ्याला मी सरळ रस्त्यावर हात हलवून ‘जा, जा’ केलं, ज्या गोष्टीसाठी लोकांना सहा वर्षं शिव्या घातल्या तीच केली. मागे वळूनही पाहिलं. मी वेग कमी केला, त्यानेही केला. तिसऱ्या राऊंडला मात्र मला सुचलं. मी डावा हात वर केला आणि ट्रॅकच्या बाहेर पडलो. चौथा नियम. आता त्याला माझ्या मागून येता येत नव्हतं.

गाडी टाकून मी कुंपणाशी धावलो. बाकीची मंडळी अजून फाटकावर रिबिनी बदलून घेत होती, समोर ट्रॅक मोकळा होता. बहिरूने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग त्याने ती गाडी सोडली. मी नाशिकमध्ये पुष्कळ चांगले रायडर बघितलेत, पण असं काही मी तोवर बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही बघितलं नाही. चार राऊंड. आशाने घड्याळ माझ्यापुढे धरलं. एक मिनिट चौदा. अमोलपेक्षा सहा सेकंद कमी. तिने वहीत लिहिलं आणि दोनदा खाली रेघ मारली. तेवढ्यात जयराम गुरुजी ट्रॅकवर उतरले, आणि पुढच्या वळणाला हा त्यांच्या मागे लागून सावकाश चालायला लागला.

ही गोष्ट होऊन सहा वर्षं झाली. बहिरू आता वर्कशॉपचा फोरमन आहे. लग्न झालं, सातपूरला दोन खोल्या घेतल्या, नवसाबाईंना आणलं. माझे गुडघे गेले, गाडी चालवायची बंद झाली. क्लबला मात्र दर रविवारी जातो, फाटकावर बसून रिबिनी वाटतो.

रविवारी बहिरू मला घ्यायला येतो. आता मी मागे बसतो आणि तो चालवतो. मी मुद्दामच तसं ठरवलं, म्हटलं, एवढ्या एका रीतीने तरी हा माणूस माझ्या पुढे राहील. पण त्याचं चालवणं बघा! हायवेवर ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून जातात. काटा चाळीसच्या वर सरकत नाही.

“अरे बहिरू, पळव की जरा! काय हे?”

“तुमी मागं बसलाय ना भाऊ,” तो म्हणतो, आणि कांद्याने भरलेल्या एका पिकअपला साइड देतो.